या बोंडात काय आहे?

माझ्या हातात हे जास्वंदीचं वाळलेलं बोंड आहे. कापसाचं बोंड पाहिलेल्यांना ते ओळखीचं वाटेल, कारण कापूस, भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातले. आत पाच कप्पे, त्यांत तपकिरी, लवदार बिया. यातली एकही बी आईची हुबेहूब नक्कल देणार नाही. बागेतली जास्वंद आधीच अनेक जातींच्या संकरातून आलेली. बी धरताना पत्ते नव्याने पिसले जातात. आवडलेलं फूल तसंच्या तसं हवं असेल तर फांदी लावा, कलम करा. बी पेरायची ती नवं पाहायचं असेल तरच.

माणसाने जाणूनबुजून केलेल्या पहिल्या नोंदलेल्या संकरांपैकी एक 1717 च्या सुमाराचा. लंडनच्या थॉमस फेअरचाइल्ड या माळ्याने कार्नेशन या बागेतल्या फुलावर स्वीट विल्यम या त्याच्या नात्यातल्या फुलाचे पराग लावले. रोप उगवलं, पण त्याला बी धरेना. म्हणून लोक त्याला फेअरचाइल्डचं खेचर म्हणू लागले. तुम्हालाही असं वांझ झाड भेटेल. विशेषतः गच्च दुहेरी पाकळ्यांच्या फुलांत पुंकेसरांच्याच पाकळ्या झालेल्या असतात, तेव्हा तिथे पराग शोधत बसू नका.

जास्वंदीचं फूल बहुधा एकच दिवस टिकतं, म्हणून काम सकाळी उरकायचं. मधली लांब दांडी पाहा. तिच्यावर पिवळी परागांची पूड आणि अगदी टोकाला मखमली गोंड्यांसारखे पाच ठिपके: या कुक्षी, म्हणजे पराग धरणारी टोकं. बापाचं फूल खुडून त्याचे पराग या पाचही ठिपक्यांवर हलकेच टेकवायचे. हे कण इतके मोठे असतात की चिकटलेले नुसत्या डोळ्यांनी दिसतात. संकर नक्की हवा असेल तर फूल उमलण्याआधी, आदल्या संध्याकाळीच, आईच्या कळीतले पुंकेसर काढून टाका. मग देठाला दोरा, दोऱ्याला चिठ्ठी: आधी आईचं नाव, मग गुणाकाराची खूण, मग बापाचं, खाली तारीख. चिठ्ठी राहिली तर झाड मिळेल, पण त्याची कुळकथा कायमची जाईल.

फूल गळल्यावर मागचा हिरवा गोळा फुगू लागला तर जमलं. देठ पिवळा पडून तोही गळला तर पुन्हा करा. कडक उन्हाळ्यात असं फार होतं. साधारण दोन महिन्यांत बोंड पिकतं. तडकण्याआधी त्यावर पातळ कापडाची पुरचुंडी बांधा. पेरताना बीचं कठीण टरफल एका कडेला जरासं खरवडलं की पाणी आत शिरतं.

आईबाप निवडताना लोक दोन सुंदर फुलं निवडतात. मी आधी झाड बघतो: फांद्या दाट आहेत का, देठ फुलाचं वजन पेलतो का. मान टाकलेलं सुंदर फूल काय कामाचं?

आणि पहिल्या फुलावरून निकाल देऊ नका. ते यायलाच वर्ष-दोन वर्षं लागतात. माझ्या एका रोपाचं पहिलं फूल लहान, फिकट नारिंगी होतं. मी ते रोप उपटून त्याच कुंडीत दुसरं लावलं. उपटलेल्या रोपाचं त्याच बोंडातलं भावंड कोपऱ्यात विसरून राहिलं होतं. त्याचंही पहिलं फूल तसंच फिकट आलं. दुसऱ्या हंगामात ते तळहाताएवढं झालं, मध्यभागी गर्द लाल डोळा घेऊन. उपटलेल्या रोपात काय होतं, ते आता कळायचं नाही. तेव्हापासून माझ्याकडचं प्रत्येक रोप दुसरा बहर येईपर्यंत कुंडीतच राहतं.