पाणी खाणारे इंजिन: टू-स्ट्रोक विमानातील कूलंटगळतीचा शोध

(सोलापुरात अभियांत्रिकीचे विद्यार्थी आणि गॅरेज-व्यावसायिक यांच्यासमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित रूप.)

मित्रहो, या सभागृहातल्या निम्म्या लोकांनी तरी कधी ना कधी ट्रॅक्टरचे किंवा टेम्पोचे हेड (सिलिंडरवरचे झाकण) उतरवलेले असेल. डिपस्टिक (ऑइलची पातळी मोजणारी पट्टी) बाहेर काढली आणि ऑइल दुधाळ दिसले, की पाणी कुठे चालले आहे हे तुम्हाला कुणी सांगावे लागत नाही. आजच्या विषयातली पहिली अडचण हीच आहे, की ज्या टू-स्ट्रोक विमान-इंजिनाबद्दल मी बोलणार आहे त्याला डिपस्टिक नाही आणि खाली ऑइलने भरलेला चेंबरही नाही. टू-स्ट्रोकमध्ये ऑइल पेट्रोलबरोबर आत जाते आणि जळून जाते. क्रँककेसमध्ये (क्रँकशाफ्ट फिरतो त्या खालच्या कप्प्यात) उतरलेले कूलंटही, म्हणजे इंजिन थंड ठेवणारे पाणी आणि ग्लायकोल या रसायनाचे मिश्रणही, त्याच वाटेने सायलेन्सरमधून निघून जाते. इंजिन पाणी खाते, आणि जमिनीवर थेंब दिसत नाही.

उदाहरणादाखल ऑस्ट्रियातील रोटॅक्स कंपनीचे ५८२ हे इंजिन घेऊ. दोन सिलिंडर, सुमारे ५८० घन सेंटिमीटर, मिनिटाला ६५०० फेऱ्यांच्या आसपास साधारण ६५ अश्वशक्ती. बंगळुरूच्या राजहंस कंपनीच्या एक्स-एअर या मायक्रोलाइटवर (छोट्या, हलक्या विमानावर) ते बसवलेले असते. हे इंजिन केव्हाही अचानक बंद पडू शकते, असा इशारा निर्मात्यानेच पुस्तिकेत दिलेला आहे. त्यामुळे कूलंटची पातळी बोटभर खाली गेली, की 'वरून भरू आणि उडू' हा रस्त्यावरचा हिशेब येथे चालत नाही.

तरीही प्रत्येक घट ही गळती नसते. कूलंट बदलल्यावर आत अडकलेली हवा पहिल्या काही वेळा इंजिन चालवल्यावर वर येते आणि पातळी उतरते. टाकी गळ्यापर्यंत भरली असेल तर गरम झाल्यावर जास्तीचे कूलंट नळीतून बाहेर फेकले जाते. म्हणून पातळी नेहमी इंजिन थंड असताना, विमान सपाट जागेवर उभे करून पाहावी आणि वहीत लिहून ठेवावी. हे न करता हेड उघडायला निघालेली उत्साही मंडळी प्रत्येक हँगरमध्ये असतात.

दाबाच्या टोपणाकडे दुर्लक्ष होते, ते मात्र होता कामा नये. हे टोपण कुकरच्या शिट्टीचे काम करते: दाब वाढवून उकळबिंदू वर नेते आणि मर्यादा ओलांडली की मोकळे होते. सोलापूर समुद्रसपाटीपासून साधारण ४५० मीटरवर आहे. येथे उघड्या भांड्यातले पाणी ९८ अंशांच्या थोडे वरच उकळते, आणि विमान आणखी हजार मीटर चढले की तो आकडा ९५ च्या जवळ येतो. कूलंटमधल्या ग्लायकोलमुळे काही अंश जास्त मिळतात हे खरे, आणि ५८२ मध्ये कूलंटच्या तापमानाची कमाल मर्यादा ८० अंश आहे हेही खरे. पण हेडच्या आतल्या भिंतीवर, ज्वलनकक्षाला लागून, स्थानिक तापमान त्याहून बरेच चढलेले असते. टोपणाचे रबर कडक झाले, की दाब धरला जात नाही, त्या भिंतीपाशी वाफेचे बुडबुडे धरतात आणि कूलंट नळीवाटे हळूहळू निघून जाते. याच टोपणात उलट दिशेचा एक छोटा व्हॉल्व्हही असतो. तो चिकटला, तर इंजिन थंड झाल्यावर वरची रबरी नळी आत चेपलेली दिसते. ती खूण लक्षात ठेवा.

बाहेरची गळती त्यामानाने सरळ असते, फक्त तिची वेळ पाहावी लागते. आपल्याकडे डिसेंबरची पहाट आणि मे महिन्याची दुपार यांत पंचवीस अंशांहून अधिक फरक पडतो. जुन्या नळीचे रबर थंडीत आक्रसते आणि क्लिपखाली थेंब धरतो. इंजिन तापले की तीच जागा फुगून बंद होते. हँगरमध्ये दुपारी पोहोचणाऱ्या माणसाला ही गळती कधीच सापडत नाही. त्याला दिसतो तो क्लिपच्या कडेला वाळलेला, हिरवट किंवा पांढुरका थर. तेथे बोट फिरवले तर तो चिकट लागतो. पाण्याचा डाग असा लागत नाही. उलट रेडिएटरच्या सांध्यातली बारीक चीर गरम असताना, पूर्ण दाबाखालीच बोलते, कारण थंड असताना तिला बाहेर ढकलणारे काही नसते. अशा वेळी टोपणाच्या जागी हातपंप लावावा, टोपणावर लिहिलेल्या आकड्याइतकाच दाब द्यावा आणि काटा पाहत बसावे. काटा उतरतो पण बाहेर ओल नाही, असे झाले की प्रश्न आतला आहे.

आतल्या गळतीच्या दोन मुख्य वाटा आहेत. पहिली हेडची. ५८२ मध्ये हेड आणि सिलिंडर यांमध्ये ओ-रिंगा (गळती रोखणाऱ्या गोल कड्या) असतात. त्यांतली एखादी निकामी झाली, की गळती दोन वेगवेगळ्या दिशांनी होते. इंजिन चालू असताना ज्वलनाचा दाब कूलंटच्या दाबाहून कितीतरी जास्त असतो, त्यामुळे वायू कूलंटमध्ये शिरतो, टाकीत बुडबुडे येत राहतात आणि कूलंट नळीतून बाहेर ढकलले जाते. इंजिन बंद केले की सिलिंडरमधला दाब संपतो, पण कूलंटचा दाब काही काळ टिकून असतो, आणि आता कूलंट सिलिंडरमध्ये झिरपते. म्हणून दुसऱ्या दिवशी सुरू करताना पहिले काही क्षण पांढरी, किंचित गोडसर वासाची वाफ निघते आणि मग सारे ठीक दिसते. स्पार्क प्लग काढून टॉर्चने आत पाहावे. ज्या पिस्टनचा माथा शेजारच्या काळ्या-तपकिरी पिस्टनच्या तुलनेत धुतल्यासारखा लख्ख असेल, त्या सिलिंडरमध्ये पाणी जाते आहे. असा संशय असेल तर प्लग काढल्याशिवाय स्टार्टर मारू नये. पाणी दाबले जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड मात्र वाकतो.

दुसरी वाट अधिक फसवी. या इंजिनात पेट्रोल-हवेचे मिश्रण आत सोडणारी फिरती चकती एका आडव्या शाफ्टवर असते आणि त्याच शाफ्टच्या दुसऱ्या टोकाला वॉटर पंपाचे पाते असते. मधल्या गिअरसाठी ऑइलची वेगळी छोटी बाटली वर बसवलेली असते. पंपाकडे पाण्याचे एक सील, ऑइलचे एक सील, आणि दोहोंच्या मध्ये खाली उघडणारे एक बारीक छिद्र. त्या छिद्रातून कूलंट ठिबकले तर पाण्याचे सील गेले. ऑइल ठिबकले तर ऑइलचे. इतकी सोय निर्मात्याने करून ठेवली आहे, आणि आपण काय करतो, तर ते छिद्र धूळ-ग्रीसने बुजू देतो. बुजल्यावर पाण्याला बाहेरची वाट उरत नाही; ते ऑइलच्या सीलवर रेटत राहते आणि अखेर गिअरच्या कप्प्यात शिरते. मग बाटलीतली पातळी वाढते आणि ऑइल दुधाळ होते. ट्रॅक्टरच्या डिपस्टिकवर दिसणारी खूण या इंजिनात दिसते ती इथे, इवल्याशा बाटलीत. पातळी न वाढता कमी होत असेल आणि धूर वाढला असेल, तर ते ऑइल क्रँककेसमध्ये ओढले जात आहे. तो दोष कूलंटचा नव्हे.

तापमानाच्या काट्यावर विसंबू नका, असे मी मुद्दाम सांगतो. कूलंट सेन्सरच्या खाली उतरले की सेन्सर वाफेत किंवा हवेत राहतो आणि काटा शांत दिसतो, कधी खालीही येतो. चढत्या विमानात पूर्ण थ्रॉटल असताना काटा अकारण उतरू लागला, तर ती चांगली बातमी समजू नये.

सील अकाली जाण्यामागे बहुतेकदा पाणी असते. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने सीलच्या घासणाऱ्या तोंडावर क्षार बसतो आणि ते तोंड खरवडले जाते. म्हणून निम्मे ग्लायकोल आणि निम्मे डिस्टिल्ड पाणी, दुसरे काही नाही. काढलेले जुने कूलंट हँगरमागे ओतू नये. कुत्री-मांजरे ते चाटतात आणि मरतात.

शेवटी दुरुस्तीबद्दल. नवी ओ-रिंग बसवली, दाब टिकला, म्हणून काम संपले असे आतल्या गळतीत होत नाही. टू-स्ट्रोकच्या क्रँकशाफ्टच्या बेअरिंगांना पेट्रोलबरोबर येणाऱ्या ऑइलच्या पातळ थराचाच आधार असतो. कूलंट तो थर धुऊन टाकते, आणि इंजिन तसेच उभे राहिले तर रोलरवर गंज चढू लागतो. म्हणून पाणी शिरल्याचे कळले त्याच दिवशी प्लग काढावेत, आतले पाणी काढून टाकावे, ऑइल घालून इग्निशन बंद ठेवून पंखा (प्रोपेलर) हाताने सावकाश फिरवावा. फिरवताना कुठे खरखर लागली, तर ते इंजिन उघडावेच लागते, ओव्हरहॉलचे (पूर्ण उघडून दुरुस्तीच्या मुदतीचे) ३०० तास भरलेले असोत वा नसोत.