थोडक्यात टळलेले अपघात कोण मोजतं?

नमस्कार मंडळी! मुंबई-गोवा हायवेवर अपघात झाला की बातमीत एक वाक्य ठरलेलं: 'चालकाचा ताबा सुटला.' बरं, सुटला. पण का सुटला? उतार किती होता, डंपरची लाल माती रस्त्यावर पसरली होती का, वळणाचा बोर्ड वेलींनी झाकला होता का? हे कुणीतरी जागेवर जाऊन लिहून काढलं, की तिथून संशोधन सुरू होतं.

आता अपघाताच्या धोकादायक जागेची सरकारी व्याख्या ऐका. हायवेचा साधारण ५०० मीटरचा पट्टा. ३ वर्षांत तिथे जीवघेणे किंवा गंभीर दुखापतीचे ५ अपघात, नाहीतर १० मृत्यू झाले, की तो 'ब्लॅक स्पॉट'. म्हणजे आधी माणसं जायला हवीत, मग पट्टे मारायचे! रत्नागिरीजवळच्या हातखंबा तिठ्यासारख्या वर्दळीच्या जागी हा हिशोब निदान लागू तरी होतो. आपल्या किनाऱ्यालगतच्या रस्त्यांचं काय? दोन्ही बाजूंना जांभ्याचा गडगा, म्हणजे दगडी कुंपण, समोरून एसटी येतेय हे ती नाकाशी आल्यावर कळतं. अपघात आज या वाडीत, पुढल्या वर्षी त्या वाडीत. एका जागी पाच भरतच नाहीत.

स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांनी यावर वाट काढली. झालेले अपघात राहू देत, थोडक्यात टळलेले मोजा. नाक्यावर माणूस बसवायचा किंवा कॅमेरा लावायचा. कुणी करकचून ब्रेक मारला, वेग किती होता, धडकायला किती सेकंद उरले होते, हे टिपायचं. कुणी मरायची वाट बघावी लागत नाही.

पद्धत तिकडची चालेल, पण आकडे इथलेच हवेत. जगात रस्ते अपघातांत वर्षाला साधारण ११ लाख ९० हजार माणसं दगावतात, त्यातली ९२ टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत. भारतात २०२२ मध्ये गेलेल्यांत ४४ टक्के दुचाकीवरचे होते. कारवाल्यांसाठी आखलेला रस्ता त्यांना कसा पुरणार? दिल्ली आयआयटीचे रस्ते-सुरक्षा संशोधक दिनेश मोहन वर्षानुवर्षं हेच मांडत होते.

आपल्याकडे सिव्हिल इंजिनीअरिंगच्या पोरांना दरवर्षी प्रोजेक्ट हवाच असतो. गणपतीत चाकरमान्यांच्या गाड्या येतात, तेव्हा बसवा त्यांना तिठ्यावर फोनचा कॅमेरा लावून. 'वळण धोक्याचं आहे' या अर्जापेक्षा, दिवसभरात किती जणांनी ऐनवेळी ब्रेक मारला याचा व्हिडिओ बांधकाम खात्याला टाळायला जड जाईल. उपाय कदाचित साधाच निघेल: वळणावर आरसा, नाहीतर गडग्याचा कोपरा थोडा मागे घेणं. आता गडग्याचा मालक हातभर जागा कशी सोडेल, यावर मात्र कुणाचंच संशोधन नाही!