बाहेरची कड गेलेला टायर

नमस्कार मंडळी. हा टायर मुद्दाम उचलून आणलाय, टेबलावर ठेवतो, टेबलक्लॉथ काळं झालं तर आयोजकांनी माफ करावं. माझ्याच गाडीचा, पुढचा डावा. जरा जवळून बघा, आतल्या बाजूला खाचा अजून छान खोल आहेत, मधे पण ठीकठाक, आणि बाहेरची कड बघा, पार गुळगुळीत, टोकाला तर आतल्या तारा दिसायला लागल्यात. म्हणजे अर्ध्याहून जास्त रबर शिल्लक असताना टायर भंगारात. ऑटोक्रॉससाठी, म्हणजे कोनांमधून घड्याळाविरुद्ध गाडी पळवायला, टायर आणि सस्पेन्शनचं काय करायचं हे आज सांगायचंय, आणि ते सगळं या कडेवरच आहे.

झालं काय होतं, तर गाडी घेतली आणि सगळ्यात आधी बसवले कॉइलओव्हर, म्हणजे उंची कमी-जास्त करता येणारे स्प्रिंग आणि शॉक अब्झॉर्बर. उंची एकदम खाली, दिसायला झकास, पार्किंगमधे लोक वळून बघायचे. टायर मात्र गाडीसोबत आलेलेच, जुने, दगडासारखे. आणि वेळ आधीपेक्षा वाईट यायला लागली. मला वाटलं आपलंच ड्रायव्हिंग कच्चं, मग एका मित्राने त्याचे वापरलेले, अर्धे झिजलेले पण चांगल्या, चिकट रबराचे टायर एका दुपारपुरते दिले आणि त्याच कोर्सवर दीड सेकंद गेला खाली. म्हणलं, एवढे पैसे कशावर घातले मी?

ऑटोक्रॉसची गंमत अशी की मोकळ्या पटांगणात कोन मांडलेले असतात, एका वेळी एक गाडी, रन मिनिटभराच्या आसपास, आणि अमेरिकेतल्या एससीसीएच्या, म्हणजे तिथल्या स्पोर्ट्स कार क्लबच्या, नियमात एक कोन पाडला की 2 सेकंद वेळेत जमा. एका मिनिटात टायर तापणार कधी? ट्रॅकवर तुम्हाला दोन लॅप मिळतात रबर गरम करायला, इथे पहिल्याच कोनाला ग्रिप लागते. म्हणून ट्रॅकवर भारी चालणारा टायर इथे भारी असेलच असं नाही. हूझियर कंपनीने त्यांच्या स्लिकसारख्या, म्हणजे जवळजवळ खाचा नसलेल्या, टायरमधे ए7 आणि आर7 असे दोन वेगळे काढले ते याचसाठी, ए7 पटकन तापतो आणि ऑटोक्रॉससाठी आहे, आर7 लांब पल्ल्याचा. रस्त्यावरच्या टायरमधे योकोहामाचा ए052 असाच, लगेच चिकटतो, पण एकाच गाडीत दोन ड्रायव्हर आलटून पालटून चालवत असतील तर तापून ढेपाळतो, मग दोन रनच्या मधे लोक पंप घेऊन त्याच्यावर पाणी मारत बसतात. ब्रिजस्टोनचा आरई-71आरएस पण याच पंक्तीतला.

ट्रेडवेअरचा, म्हणजे टायर किती टिकेल याचा, आकडा सगळे विचारतात. एससीसीएच्या स्ट्रीट क्लासला, म्हणजे जवळपास कंपनीतून आल्या तशाच गाड्यांच्या गटाला, 200 च्या खालचा टायर चालत नाही, त्यामुळे सगळ्या कंपन्या बरोब्बर 200 वर येऊन बसल्यात. पण हा आकडा येतो कुठून, तर एका ठरलेल्या टायरला 100 धरून त्याच्या तुलनेत झीज मोजायची आणि आकडा कंपनीनेच छापायचा. त्यामुळे 200 वाले दोन टायर सारखे असतात असं धरून चालू नका, जमीन अस्मानाचा फरक असतो. त्यापेक्षा साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीवर, छापलेल्या कोडचे शेवटचे चार आकडे आधी बघा, 2319 असेल तर 2019 सालातला 23 वा आठवडा. स्वस्तात मिळतोय म्हणून जुना साठा उचलू नका, रबर वापरलं नाही तरी कडक होतंच. आणि अजून एक, अरुंद रिमवर रुंद टायर कोंबला की साइडवॉल वळणात दुमडते आणि त्या रुंदीचा उपयोग काहीच होत नाही.

आता सस्पेन्शन. समजा गाडी 1000 किलोची, गुरुत्वमध्य जमिनीपासून अर्धा मीटर, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर दीड मीटर, आणि वळणात बाजूला 1 जी, म्हणजे गाडीच्या वजनाएवढा जोर, लागतोय. 1000 गुणिले 0.5 भागिले 1.5, म्हणजे 333 किलो वजन आतल्या चाकांवरून बाहेरच्या चाकांवर जातं. उभी असताना दोन्ही बाजूंना 500-500 होतं, आता आत 167 आणि बाहेर 833. कडक स्प्रिंग लावा, जाडजूड अँटी-रोल बार, म्हणजे डावी-उजवी बाजू जोडून गाडीचा कल आवरणारा दांडा, लावा, ते 333 कमी होत नाहीत हो! बार फक्त एवढंच ठरवतो की त्यातलं पुढच्या चाकांमधे किती आणि मागच्या चाकांमधे किती. आणि गाडी 25 मिलीमीटर खाली केली तर? 0.475 घालून बघा, 317 येतात. वाचले 16 किलो. त्या 16 किलोंसाठी मी सस्पेन्शनची वर-खाली हलायची सगळी जागा घालवली, वळणात गाडी बंप स्टॉपवर, म्हणजे सस्पेन्शनच्या शेवटच्या रबरी अडसरावर, आपटायची आणि पुढचं टोक सरळ निघून जायचं.

आणि मग ही कड. माझ्या गाडीला पुढे मॅकफर्सन स्ट्रट आहे, म्हणजे चाक एका उभ्या खांबाला धरलेलं, बॉडी कलली की बाहेरचं चाकही तिच्यासोबत बाहेर कलतं, म्हणजे सगळा भार कडेवर. डबल विशबोन, म्हणजे चाक वर आणि खाली अशा दोन आडव्या हातांनी धरलेलं असेल, उदाहरणार्थ माझदा मियाटा, तर चाक स्वतःला बरंचसं सावरून घेतं. स्ट्रटवाल्याने उभ्या गाडीलाच चाकाचं वरचं टोक आत कलवून ठेवायचं, निगेटिव्ह कॅम्बर, अडीच-तीन डिग्री तरी, नियमात हा कल बदलू देणाऱ्या कॅम्बर प्लेट बसत असतील तर आधी त्या घ्या. माझा तेव्हा होता एक डिग्री. एक! कॉइलओव्हरला पैसे होते आणि अलाइनमेंटला नव्हते.

हवेच्या प्रेशरसाठी खडू घ्या, शाळेतला साधा खडू, टायरच्या कडेवर आडवी रेघ मारा आणि रन करून या. साइडवॉलवर छोटा त्रिकोण असतो, खडू त्याच्या खालपर्यंत पुसला तर टायर जास्तच लोळतोय, हवा भरा, त्रिकोणाच्या बऱ्याच वर राहिला तर थोडी काढा. साधारण साडेपाच डिग्री सेल्सिअस तापमान वाढलं की 1 पीएसआय वाढतो, त्यामुळे सकाळी भरून दुपारी विसरलात की गेलं काम. अर्धा सेकंद असाच फुकट मिळतो कधीकधी, आणि लोक त्याच अर्ध्या सेकंदासाठी कॅटलॉग चाळत बसतात.

शॉकबद्दल थोडक्यात. सलग कोनांमधून गाडी इकडून तिकडे फेकताना शॉकच कामाला येतो, एससीसीएच्या स्ट्रीटमधे स्प्रिंग बदलता येत नाही पण शॉक बदलता येतो, म्हणून तिथे लोक सगळा जीव शॉकमधे ओततात. फक्त रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉक परत उघडतानाचा अडसर, घट्ट करत सुटू नका, नाहीतर चाक खाली यायच्या आत पुढचा धक्का येतो आणि गाडी हळूहळू खालीच बसत जाते.

मघाशी एकांनी विचारलं की त्यांच्या रिअर-व्हील ड्राइव्ह गाडीचं आतलं मागचं चाक वळणातून निघताना फुकट फिरतं, मागचा बार जाड करू का? उलट करा. मागचा जाड केला की ते चाक अजून हलकं होईल. पुढचा जाड करा, भाराची अदलाबदल पुढे होऊ द्या, मागचं चाक जमिनीवर टेकलेलं राहील. थोडा अंडरस्टीअर, म्हणजे पुढचं टोक सरळ निघून जाणं, वाढेल कदाचित, पण पाय लवकर दाबता येईल. आणि एका वेळी एकच गोष्ट बदला हो, बार, प्रेशर आणि टो (चाकांची पुढची टोकं किती आत-बाहेर वळलेली) तिन्ही एकाच सकाळी बदलून आलात तर कशाने काय झालं हे मला विचारू नका.

टायर आता मागच्या रांगेपर्यंत फिरवा, हात लावून बघा, फक्त कडेपाशी जपून, तारा टोचतात.