कांद्याचं प्रपोजल पाठवायचं कुणाकडे?

नमस्कार श्रोतेहो. आज मला बोलायचंय नव्याने लागलेल्या प्राध्यापकांशी, म्हणजे पीएचडी झालीये, कॉलेजात लागून दोन-तीन वर्षं झालीत, डोक्यात एक विषय घोळतोय आणि आता त्याला पैसे आणायचे कुठून, असा प्रश्न पडलाय त्यांच्याशी.

माझा विषय कांदा. एप्रिल-मेमध्ये रब्बीचा कांदा चाळीत, म्हणजे साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये भरतात, मग पाऊस लागला की दमट हवेत काळी बुरशी धरते, आतला माल सडायला लागतो आणि चाळ फोडेपर्यंत काही कळत नाही. हे मी लहानपणापासून घरी बघितलंय. म्हणून पहिलं प्रपोजल लिहिलं तेव्हा सगळंच त्यात घातलं, बुरशी पण, चाळीत लावायचा सेन्सर पण, आणि शेतकरी कांदा कधी नि का विकतात त्याचा सर्व्हे पण. ते नामंजूर झालं. रिव्ह्यूअरचं म्हणणं एवढंच की विषय महत्त्वाचा आहे पण या योजनेत बसत नाही. मला ते फार लागलं, पुढे वर्षभर मी कुठे अर्जच केला नाही, ते वर्ष गेल्याचं आजही वाईट वाटतं.

नंतर बसून विचार केला तेव्हा लक्षात आलं की एका कांद्यात तीन प्रश्न आहेत. अ‍ॅस्परजिलस नायजर ही बुरशी कुठल्या तापमानाला, किती दमटपणात वाढते हे मूलभूत विज्ञान, ते जाणार एएनआरएफकडे, म्हणजे विज्ञान संशोधनाला पैसे देणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेकडे, आपण ज्याला सर्ब म्हणायचो ते मंडळ आता त्यात विलीन झालंय. तिथे नवख्यांसाठी प्राइम मिनिस्टर अर्ली करिअर रिसर्च ग्रँट आहे, ३ वर्षांसाठी ६० लाखांपर्यंत, वयाची अट ४२, काही गटांना सवलत. सेन्सर ही बाजारात न्यायची वस्तू, त्याला बायरॅकची, म्हणजे जैवतंत्रज्ञानातल्या उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची 'बिग' नावाची ग्रँट, ५० लाखांपर्यंत, पण ती स्टार्टअपच्या वाटेने जाणाऱ्यांची. आणि विक्रीचा सर्व्हे आयसीएसएसआरचा, म्हणजे सामाजिक शास्त्रांच्या संशोधन परिषदेचा, तिथे बुरशीवर चार पानं लिहिलीत तर वाचणाऱ्याने त्याचं करायचं काय?

बरं, जे तासिका तत्त्वावर शिकवतात त्यांच्याबद्दल मला मनापासून वाटतं की त्यांच्यावर अन्याय होतोय, कारण बऱ्याच योजनांना नियमित पद लागतं आणि आपल्याकडे वर्षानुवर्षं माणसं तासांवरच असतात. त्यातल्या तरुणांनी इन्स्पायर फॅकल्टी फेलोशिप जरूर बघावी, तिला आधीपासून कायम नोकरी लागत नाही, फक्त वयाची मर्यादा साधारण ३२ आहे म्हणून पीएचडी होताहोताच तयारीला लागा.

आणि लगेच ६० लाखांवर उडी मारायलाच पाहिजे असं नाही हो. यूजीसीची डॉ. डी. एस. कोठारी रिसर्च ग्रँट नव्या प्राध्यापकांसाठीच आहे, १० लाखांची, शिवाय काही विद्यापीठं स्वतःच्या छोट्या ग्रँट देतात, तेवढ्यात दोन चाळींचा पायलट डेटा होतो आणि मोठ्या अर्जात तो डेटा फार कामाला येतो. कॉल आला की आधी गाइडलाइन्स वाचा, दरवर्षी अटी बदलतात, मग त्या संस्थेने आधी मंजूर केलेल्या प्रोजेक्टांची यादी मिळाली तर नुसती शीर्षकं वाचत जा, अर्ध्या तासात कळतं आपलं काम त्यांच्यात शोभेल का. प्राचार्यांची सही, संस्थेचं पत्र हे शेवटच्या दिवसावर ठेवू नका, त्या दिवशी सर नेमके बाहेरगावी असतात.

अजून एक, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अर्जापासून पैसे खात्यात यायला कितीतरी महिने जातात. समजा ऑगस्टमध्ये मंजुरी आली, तर तोवर चाळ निम्मी रिकामी झालेली असते. म्हणून दुसऱ्यांदा लिहिताना मी पहिले आठ-नऊ महिने फक्त प्रयोगशाळेतलं काम दाखवलं, बुरशी वेगळी करणं, वाढवणं वगैरे, आणि चाळीतलं काम पुढच्या मे महिन्यात, कांदा भरतात त्या दिवसापासून.