देखणे सैनिक, फसलेला खेळ

नमस्कार श्रोतेहो.

दोन वर्षांपूर्वी एका संध्याकाळी मी २४ चिमुकले घोडेस्वार युद्धखेळाच्या टेबलावर मांडले, आणि पाऊण तासाने ते एकही पाऊल न टाकता परत डब्यात गेले. ते रंगवायला मला अडीच महिने लागले होते. २८ मिलिमीटरचा माणूस म्हणजे जेमतेम अंगठ्याच्या पेराएवढा. त्याचे भाग प्लास्टिकच्या चौकटीतून कापायचे, साच्याची रेघ कानशीने घासून काढायची, गोंदाने जोडायचं, प्रायमरचा हात द्यायचा. मग लगाम, खोगीर, कोटाची किनार आणि शेवटी डोळ्यातला ठिपका. एका घोड्याच्या कपाळावर मी पांढरा चांद काढला होता. माझ्या लेखी तोच त्या दलाचा पुढारी. समोर बसलेल्या मित्राला पहिली पाळी मिळाली. त्याच्या तोफा आणि बंदूकधारी एकदम चालले, आणि माझी पाळी आली तेव्हा घोडदळातलं कोणी उरलंच नव्हतं. मित्र बिचारा ओशाळला. त्याची चूक काहीच नव्हती. नियमांनी जे करायला सांगितलं, तेच त्याने केलं होतं.

त्या खेळाचं नाव राहू दे. पण टेबलावर छोट्या सैनिकांनी खेळायच्या लढाया मी बरीच वर्षं खेळते आहे, आणि त्या रात्रीपासून एक प्रश्न डोक्यातून जात नाही. इतके सुबक सैनिक, इतकी जाडजूड नियमपुस्तिका, आणि तरी आतला खेळ पोकळ कसा निघतो? मला सापडलेलं उत्तर साधं आहे. फसलेल्या खेळात खेळाडूला ठरवायला काही उरत नाही. अंतर मोजायला टेप तो लावतो, फासे तो टाकतो, सैनिक तो सरकवतो, पण ठरवत मात्र काहीच नाही.

आधी पाळ्यांचं बघू. पुष्कळ खेळांत पद्धत अशी असते, की आधी माझी सगळी फौज चालणार, मारा करणार, भिडणार. ते सगळं झालं की मग तुमची. ऐकायला हे अगदी न्यायाचं वाटतं. आता माझ्याबरोबर हिशेब करा. दोघांकडे दहा-दहा तोफा आहेत. दर तोफेला समोरची एक तोफ उडवण्याची निम्मी शक्यता. नाणेफेक मी जिंकले. माझ्या दहा तोफा डागल्या, तुमच्या पाच गेल्या. तुमच्या उरलेल्या पाच डागल्या, माझ्या सरासरी अडीच गेल्या. मग माझ्या साडेसात डागल्या, आणि तुमच्याकडे सव्वा उरली. तुमची दुसरी पाळी संपते तेव्हा माझ्याकडे जवळजवळ सात तोफा असतात आणि तुमच्याकडे एक. फौजा सारख्या, खेळाडू सारखे, आणि सगळा फरक एका नाण्याचा.

हे गणित जुनं आहे. फ्रेडरिक लँचेस्टर या इंग्रज अभियंत्याने ते पहिल्या महायुद्धाच्या काळात मांडलं. १९१६ च्या त्याच्या पुस्तकात ते आहे. दुरून मारा करणाऱ्या फौजेचं बळ संख्येच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतं. त्यामुळे सुरुवातीला पडलेली तूट भरून निघत नाही, दर पाळीला ती रुंदावत जाते. म्हणजे ज्या खेळात बंदुका लांब पल्ल्याच्या, टेबल मोकळं आणि पाळी आख्ख्या फौजेची, तिथे पहिल्या माऱ्यानंतर दोन तास उभं राहून काय करायचं?

उपायही फार अवघड नाहीत. एक तुकडी माझी चालेल, मग एक तुमची. असं केलं की पहिल्या चालीची तूट एका तोफेपुरतीच राहते. किंवा टेबलावर टेकड्या, भिंती, झाडी इतकी ठेवायची की पहिल्या पाळीला कोणाला कोणी दिसूच नये. २०१२ साली आलेल्या ‘स्टार वॉर्स: एक्स-विंग’मध्ये दोन्ही खेळाडू आपापल्या यानाची चाल एका चकतीवर गुपचूप लावतात आणि चकती पालथी ठेवतात. ती उलटायच्या आधीचे काही क्षण डोळ्यांसमोर आणा. समोरचा वळणार, की सरळ अंगावर येणार? आपण आधीच वळून बसलो आणि तो आलाच नाही तर? माणूस टेबलाशी येतो तो या क्षणांसाठी.

आता फाशांकडे येते, कारण बहुतेक संध्याकाळ तिथेच जाते. समजा एका तुकडीच्या माऱ्याला ३० फासे आहेत. नेम लागला का? तीन किंवा जास्त हवेत. साधारण २० फासे उरतात. जखम झाली का? चार किंवा जास्त; १० उरतात. चिलखताने वाचवलं का? पाच किंवा सहा पडले तर वाचवलं. म्हणजे सहा-सात सैनिक गेले. एकूण ६० वेळा फासा पडला. प्रत्येक वेळी ते वेचायचे, चुकलेले बाजूला काढायचे, मोजायचे, टेबलाखाली घरंगळलेला एखादा शोधायचा. एवढ्या वेळात दोघांपैकी एकानेही एकसुद्धा निर्णय घेतलेला नसतो. चिलखताचे फासे मार खाणाऱ्याने टाकायचे, ही रीत मला आवडते. आपला माणूस आपल्या हाताने वाचवल्याचं समाधान खरंच मोठं असतं. पण हीच साखळी एका संध्याकाळी चाळीस वेळा चालली की ते समाधानही बोथट होतं, आणि ज्याची पाळी नसते तो माणूस फोन काढून बसतो. समोरच्याने फोन काढला की खेळात काहीतरी बिघडलं आहे, एवढं मी आता ओळखते.

याच्या शेजारी १९९० सालचा ‘डी बेलिस अँटिक्विटाटिस’ ठेवून बघा. खेळणारे त्याला नुसतं डीबीए म्हणतात. प्राचीन आणि मध्ययुगीन लढायांचा हा खेळ, आणि दर बाजूला तुकड्या फक्त १२. पाळीच्या सुरुवातीला एकच फासा टाकायचा. तीन पडले तर तीन हालचाली, बस्स. रांगेत खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या तुकड्या मिळून एका हालचालीत चालतात. रांग मोडली की प्रत्येकीचा खर्च वेगळा. त्यामुळे डावी बगल ढासळतेय, मधली फळी अर्धी पुढे गेलीय, आणि फाशावर दोन पडलेत, अशी वेळ येते. आता काय वाचवायचं आणि काय सोडायचं? सैन्य हाताबाहेर जाणं म्हणजे काय, ते एका फाशाने समजतं. याच्या जुन्या आवृत्त्यांची भाषा मात्र इतकी घट्ट आहे, की एकेक वाक्य चार-चार वेळा वाचावं लागतं, आणि त्या पायी कित्येकांनी हा खेळ दारातूनच सोडून दिला. याचं मला मनापासून वाईट वाटतं.

नियम फार झाले, ही ओरड तर दीडशे वर्षांपूर्वीची आहे. प्रशियाच्या सैन्यात १८२४ साली फॉन राइस्वित्झ या तरुण अधिकाऱ्याने ‘क्रीगश्पील’ म्हणजे युद्धखेळ आणला. मूळ कल्पना त्याच्या वडिलांची. नकाशा, त्यावर दोन रंगांचे ठोकळे, फासे, आणि मध्ये एक पंच. पंचाला सगळं दिसायचं. खेळाडूला मात्र त्याच्या सैन्याला जेवढं दिसेल तेवढंच. पुढच्या पन्नास वर्षांत त्यावर तक्त्यांची इतकी पुटं चढली, की १८७३ मध्ये याकोब मेकेल या अधिकाऱ्याने त्याबद्दल जाहीर नापसंती मांडली. आणि १८७६ मध्ये व्हेर्दी द्यु व्हेर्नुआ यांनी फासे-तक्ते बाजूला ठेवून अनुभवी पंचाच्या निवाड्यावर खेळ चालवावा असं सुचवलं. अधिकाऱ्याला तक्ता शोधायला शिकवायचं, की निर्णय घ्यायला, हा त्यांचा प्रश्न होता. दर तुकडीला वेगळा अपवाद, दर अपवादाला पोटअपवाद, आणि कोणी काही केलं की समोरच्याने पुस्तक उघडून ‘नाही, माझ्याकडे याला तोड आहे’ म्हणायचं, असा खेळ हाती आला की मला तोच प्रश्न आठवतो.

पण नियम कापले की खेळ सुधारतो, असंही नाही. ‘वॉरहॅमर: एज ऑफ सिग्मार’ २०१५ साली बाजारात आला तो चार पानांच्या नियमांसह, आणि नियम फुकट होते. त्यासाठी १९८३ पासून चालत आलेला जुना ‘वॉरहॅमर’ बंद केला होता. चार पानं वाचून मला आनंदच झाला. मग लक्षात आलं, की कोणी किती फौज आणायची याचं मापच त्यात नाही. दर तुकडीची किंमत सांगणारे पॉइंट नाहीत. अंतर मोजायचं ते सैनिकाच्या बेसपासून, म्हणजे पायाखालच्या चकतीपासून नाही, मूर्तीपासून. म्हणजे भाला पुढे रोखलेला असला की टोक आधी पोचणार. त्यातल्या एका जुन्या सरदाराच्या नियमपत्रकात तर असं होतं, की तुमची मिशी समोरच्या खेळाडूपेक्षा भरदार असेल तर फासे पुन्हा टाकता येतील. ज्यांनी त्या फौजा वीस-वीस वर्षं जपून रंगवल्या होत्या, त्यांना हे वाचून काय वाटलं असेल? समतोल कसा साधायचा हा सगळ्यात अवघड निर्णय तेवढा खेळाडूंच्या अंगावर टाकला होता, तोही खेळ सुरू व्हायच्या आधी. २०१६ मध्ये वेगळ्या पुस्तिकेत पॉइंट आले, आणि तो खेळ पुढे बराच सावरला, हेही सांगायला हवं.

मूर्तीवरून मोजण्याचा हा दोष फार खोल आहे, म्हणून थोडं थांबते. काही खेळांत नजरेची रेषा खरोखर डोळा लावून बघायची असते. टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून, माझ्या सैनिकाच्या डोळ्यातून तुमचा सैनिक दिसतो का ते बघायचं. आता एकाने गुडघा टेकलेला सैनिक बनवला आणि दुसऱ्याने हात उंचावून ललकारणारा. गुडघे टेकलेला भिंतीआड वाचतो, ललकारणारा मरतो. ज्याने मूर्तीवर जास्त जीव लावला, त्यालाच शिक्षा. ज्या खेळाचं सगळं सौंदर्य मूर्तींमध्ये आहे, त्याने असं करणं मला सहन होत नाही.

आणि काही खेळांत लढाई फौज निवडतानाच संपते. चार तुकड्या पॉइंटच्या मानाने फार स्वस्त, चार फार महाग. कोणीतरी हिशेब करून ठेवलेला असतो, आणि मग सगळ्यांच्या फौजा सारख्याच दिसू लागतात. टेबलावर येईपर्यंत निकाल अर्धा लागलेला असतो. शिवाय जिंकायचं म्हणजे समोरच्याला संपवायचं, एवढंच ध्येय असेल तर दोन्ही फौजा मध्यभागी येऊन गुंततात आणि शेवटपर्यंत तिथेच फासे पडत राहतात. पूल धरायचा, जखमींना बाहेर काढायचं, अंधार पडेपर्यंत टिकायचं, असं काही दिलं की तोच खेळ जागा होतो.

हे का होतं? मला वाटतं, मूर्ती विकली जाते आणि नियम खोक्याबरोबर जातात, म्हणून. चित्र बघून आपण पैसे देतो. २०१३ साली किकस्टार्टर या लोकवर्गणीच्या संकेतस्थळावर ‘रोबोटेक आरपीजी टॅक्टिक्स’ या अशाच खेळासाठी लोकांनी १४ लाख डॉलरहून जास्त रक्कम जमवली. माल दोन हप्त्यांत यायचा होता. पहिला आला, आणि दुसरा २०१८ मध्ये रद्द झाला. तिथे लोकांनी वचनावर पैसे दिले. पण माल वेळेवर, चकचकीत, पूर्ण येऊनही आत खेळ नसेल, तर ती फसगत उमगायला अडीच महिन्यांचं रंगकाम व्हावं लागतं.

म्हणून मी आता नवा खेळ आधी बटणांनी खेळते. शिवणाच्या डब्यातली काळी बटणं माझी, पांढरी समोरच्याची. पुठ्ठ्याचे तुकडे म्हणजे टेकड्या. तीन पाळ्या खेळायच्या आणि दर पाळीला कागदावर एकच गोष्ट लिहायची: मी कुठे अडले? कुठे दोन्ही वाटा बऱ्या वाटल्या आणि एक सोडावी लागली? कागद कोरा राहिला तर ते खोकं मी घेत नाही, मूर्ती कितीही देखण्या असोत. एका खेळात तिसऱ्या पाळीला माझ्या चार बटणांवरून आमचा दहा मिनिटं काथ्याकूट झाला. तो खेळ मी दुसऱ्याच दिवशी आणला.

त्याच खेळात मी ते २४ घोडेस्वारही घातले. बेसचं माप जुळत होतं आणि काळही जुळत होता. गेल्या आठवड्यात ते एका टेकडीआड उभे होते, पांढरा चांदवाला सगळ्यात पुढे. मित्राचं पायदळ पुलाच्या तोंडाशी. पूल ओलांडला तर माझं घोडदळ बगलेवर येणार, थांबला तर संध्याकाळ होऊन पूल माझा होणार. त्याने तुकडीवर हात ठेवला, उचलला, पुन्हा ठेवला. मी घड्याळाकडे पाहिलं तर म्हणाला, “थांब गं, जरा विचार करू दे.”