सात वर्षांचा हिशेब

मंडळी, काळं पाणी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर अंदमान येतं. आज ज्या काळ्या पाण्याबद्दल बोलायचं आहे ते अंदमानच्या वसाहतीहून सत्तर वर्षांनी जुनं. तिथं सरकारनं धाडली ती स्वतःच्याच देशातली माणसं. १७८८ ते १८६८ या काळात ब्रिटननं सुमारे एक लाख बासष्ट हजार कैदी ऑस्ट्रेलियाला रवाना केले. त्यांतल्या एकीचीच गोष्ट सांगतो.

मेरी ब्रॉड. कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावरच्या फॉय गावची, दर्यावर्दी घरातली. १७८६ च्या मार्चमध्ये एक्सेटरच्या न्यायालयात उभी राहिली तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेली. गुन्हा वाटमारीचा. दोन साथीदारणींसह एका बाईला अडवून तिची रेशमी टोपी आणि चीजवस्तू लुटली होती. शिक्षा फाशी, ती कमी करून सात वर्षं हद्दपारी. हा सात आकडा लक्षात ठेवा, शेवटी हिशेब करायचा आहे.

पूर्वी असे कैदी अमेरिकेत पाठवत. अमेरिका हातची गेली, तुरुंग तुंबले, तेव्हा मोडीतल्या जहाजांवर कैदी कोंबू लागले. मेरीही प्लिमथला अशाच एका जहाजावर होती. १३ मे १७८७ रोजी अकरा जहाजांचा पहिला काफिला निघाला. ती ‘शार्लट’ नावाच्या जहाजावर होती. वाटेत मुलगी झाली, तिचंही नाव शार्लट ठेवलं. सिडनीला पोचल्यावर १० फेब्रुवारी १७८८ ला मेरीनं विल्यम ब्रायंटशी लग्न केलं. तोही कैदी, तोही कॉर्नवॉलचा, हाडाचा कोळी. वसाहतीत मासेमारी जाणणारे मोजकेच, म्हणून होड्या त्याच्या ताब्यात आल्या. पुढं चोरून मासे विकताना सापडला, शंभर फटके खाल्ले. पण होड्यांवरचं काम सुटलं नाही, कारण दुसरं होतंच कोण?

ती भुकेची वर्षं होती. १७९० च्या एप्रिलमध्ये मोठ्या माणसाचा आठवड्याचा शिधा अडीच पौंड पीठ, दोन पौंड तांदूळ आणि दोन पौंड खारवलेलं डुकराचं मांस. मांस तीन-चार वर्षांचं जुनं. तांदळाचं वर्णन वॉटकिन टेंच नावाच्या अधिकाऱ्यानं केलंय: दाणा न् दाणा हलत होता! टोके, दुसरं काय.

विल्यमची सात वर्षं १७९१ च्या मार्चमध्ये भरत होती. पण कुणाची शिक्षा कधी संपते याचे कागदच काफिल्याबरोबर आले नव्हते. आणि सुटका झाली तरी परतीचं भाडं कोण देणार? माझ्या मते खरी शिक्षा ही होती. बेड्या, फटके तर इंग्लंडातही होते. इथं मुदत संपायची, पण अंतर संपायचं नाही.

तेवढ्यात बटाव्हियाहून, म्हणजे आजच्या जकार्ताहून, धान्य घेऊन एक डच जहाज आलं. त्याच्या कप्तानाकडून विल्यमनं होकायंत्र, नकाशा, बंदुका मिळवल्या. २८ मार्च १७९१. डच जहाज बंदर सोडून गेलं, सरकारी जहाज दूर नॉरफोक बेटावर, म्हणजे पाठलागाला एकही गलबत उरलं नव्हतं. त्या रात्री गव्हर्नरचीच सहा वल्ह्यांची होडी घेऊन अकरा जण निघाले. मेरी, विल्यम, आणखी सात कैदी, चार-एक वर्षांची शार्लट आणि वर्षाचा इमॅन्युएल.

पूर्व किनाऱ्यानं वर, प्रवाळाच्या भिंतीतून, टॉरेसच्या सामुद्रधुनीतून थेट तिमोर. एकोणसत्तर दिवस, पाच हजारांवर किलोमीटर. होडीच्या सांध्यांतून पाणी येऊ लागलं तेव्हा किनाऱ्याला ओढून सांध्यांत साबण भरला. कासवं मारून खाल्ली. ५ जूनला तिमोरमधल्या कूपांग या डच बंदराला पोचले तेव्हा अकराच्या अकरा जिवंत.

तिथं ‘आमचं जहाज फुटलं’ असं सांगून काही दिवस निभावले. मग बिंग फुटलं आणि तिथं येऊन पोचलेल्या ब्रिटिश आरमाराच्या कॅप्टन एडवर्ड्सनं त्यांना बेड्या घातल्या. गंमत पाहा, याचं जहाज खरोखरच फुटलं होतं! बटाव्हियात आधी इमॅन्युएल गेला, मग विल्यम. आफ्रिकेच्या दक्षिण टोकाकडच्या केपहून पुढं ‘गॉर्गन’ जहाजावर चढवलं, तर तिथं मायदेशी निघालेला टेंच. तो मेरीबरोबर ‘शार्लट’वरूनच सिडनीला गेला होता. या लोकांकडं पाहून कीवही येते आणि थक्कही व्हायला होतं, असं त्यानं लिहून ठेवलंय. मे १७९२ मध्ये भर समुद्रात छोटी शार्लटही वारली. लंडनच्या न्यूगेट तुरुंगात पोचली ती एकटी मेरी आणि चार पुरुष.

जेम्स बॉझवेल या वकील-लेखकानं त्यांची बाजू लावून धरली. मेरीला माफी मिळाली २ मे १७९३ ला. आता हिशेब करा: मार्च १७८६ अधिक सात, मार्च १७९३. म्हणजे मूळ शिक्षा संपून महिना उलटल्यावर सरकारनं माफी दिली!

बॉझवेलनं तिला वर्षाला दहा पौंड लावून दिले आणि फॉयला माहेरी धाडलं. लग्नाच्या नोंदीत फुली मारणाऱ्या या बाईचं स्वतःच्या हातचं एक अक्षर नाही. पण बॉझवेलच्या कागदांत एक पुडी निघाली. आत सिडनीकडची वाळकी पानं. वसाहतीतले लोक ती उकळून चहासारखी प्यायचे, चव गोडसर. आपल्या सह्याद्रीतल्या घोटवेलीच्याच कुळातली ती वेल. एवढ्या वणवणीत, दोन्ही मुलं आणि नवरा गेल्यावरही, ती पानं तिनं जपून आणली होती.