चालणे त्याचे, थांबणे आपले

(दृश्य : पहाटेचे धुके. दाट झाडीतून जाणारी अरुंद पायवाट. एका बुंध्याला नाक लावून उभा असलेला कुत्रा.)

गेली दोन मिनिटे हा कुत्रा एकाच बुंध्यापाशी घुटमळतो आहे. त्याच्याबरोबर आलेल्या माणसाला तेथे ओल्या सालीवरचे शेवाळ आणि खाली साचलेला पाचोळा यांखेरीज काहीच दिसत नाही. रात्री या वाटेने कोण गेले आणि कोणत्या बाजूला गेले, याचा अंदाज मात्र कुत्र्याला तेथेच लागतो. हुंगताना तो एका सेकंदात सुमारे पाच वेळा हवा आत ओढतो, आणि बाहेर सोडलेली हवा नाकपुड्यांच्या कडेच्या चिरांतून मागे निघून जाते. त्यामुळे समोरचा वास उच्छ्वासाने विस्कटत नाही. त्याच्या डोळ्यांना लाल आणि हिरव्या रंगातील फरक फारसा कळत नाही. रान त्याला उमगते ते मुख्यतः नाकाने आणि कानांनी.

म्हणूनच कुत्र्याला रानात घेऊन निघालेल्या माणसाने किती किलोमीटर चाललो याचा हिशेब घरीच ठेवलेला बरा. दर पावलाला दोरी ओढून त्याला पुढे नेणे म्हणजे पान वाचून होण्याआधीच कोणीतरी पुस्तक मिटावे तसे आहे. चार किलोमीटर मनसोक्त हुंगत चाललेला कुत्रा बारा किलोमीटर ओढत नेलेल्या कुत्र्यापेक्षा अधिक समाधानाने घरी परततो, असे आमचे मत आहे.

(दृश्य : ऊन वर आले आहे. कुत्रा जीभ बाहेर काढून धापा टाकतो आहे, तरीही पुढे चालतो आहे.)

आता या चालण्यातील सर्वांत महत्त्वाच्या गोष्टीकडे वळू. कुत्रा थांबा म्हणत नाही. आपला माणूस चालतो आहे तोवर तो चालत राहतो. तहान लागली, तळवे सोलवटले, अंग तापले तरी चालत राहतो, आणि त्याची ही सोबत करण्याची वृत्तीच त्याच्या जिवावर बेतू शकते. निरोगी कुत्र्याच्या शरीराचे तापमान साधारणपणे ३८.३ ते ३९.२ अंश सेल्सिअस असते. ते ४१ अंशांच्या वर गेले, की उष्माघाताचा धोका निर्माण होतो आणि उपचारांना उशीर झाल्यास अंतर्गत अवयव निकामी होऊ लागतात. माणसाप्रमाणे सर्वांगाला घाम येऊन त्याचे शरीर थंड होत नाही. घामाच्या ग्रंथी मुख्यतः तळव्यांच्या गाद्यांमध्ये असल्याने उष्णता बाहेर टाकण्याचे बहुतेक काम धापा टाकण्यावर, म्हणजे जीभ आणि श्वासमार्गावरील ओलाव्याच्या बाष्पीभवनावर चालते.

येथे जंगलाची सावली फसवते. सावलीत ऊन लागत नाही, परंतु दाट झाडीखाली हवा दमट आणि स्तब्ध असते, आणि हवेत आधीच बाष्प भरलेले असेल तर जिभेवरचा ओलावा लवकर उडत नाही. माणसाला गारवा वाटत असताना त्याच वाटेवर कुत्र्याचे अंग तापत जाऊ शकते. चपट्या तोंडाच्या जातींना हा धोका कितीतरी अधिक असतो, कारण त्यांचा श्वासमार्ग मुळातच आखूड आणि अरुंद असतो. वयस्क आणि स्थूल कुत्र्यांचेही तसेच आहे. पिल्लांच्या बाबतीत निराळा विचार करावा लागतो. त्यांच्या हाडांची वाढ पूर्ण होईपर्यंत, म्हणजे लहान जातींमध्ये सुमारे वर्षभर आणि मोठ्या जातींमध्ये त्याहूनही अधिक काळ, लांबच्या चढणीवर त्यांना नेऊ नये.

मग थांबायचे केव्हा, हे ओळखायचे कसे? एक खूण सोपी आहे आणि ती नाकातच आहे. जोराने धापा टाकणे आणि बारकाईने हुंगणे या दोन्ही गोष्टी कुत्र्याला एकाच वेळी नीट जमत नाहीत. सकाळी प्रत्येक झुडपापाशी रेंगाळणारा कुत्रा झुडपांकडे न पाहता तुमच्या मागून नुसता चालू लागला, तर तो शहाणा झाला असे समजू नये. तो थकला आहे. तेव्हाच बसावे, थोडे थोडे पाणी पाजावे आणि धाप पूर्ण ओसरू द्यावी. हिरडीवर बोट दाबून सोडल्यावर तिचा गुलाबी रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. धाप थांबत नसेल, लाळ दाट झाली असेल, पाय अडखळत असतील, तर अंगावर पाणी ओतून वारा घालण्यास तेथल्या तेथे सुरुवात करावी आणि त्यानंतरच त्याला पशुवैद्याकडे हलवावे.

पाणी आपल्या पाठीवरच न्यावे. डबक्याच्या साचलेल्या पाण्यात उंदीर-घुशींच्या मूत्रावाटे लेप्टोस्पायरा हे जिवाणू मिसळलेले असू शकतात, आणि ज्या तळ्यावर हिरवट-निळसर साय धरलेली दिसते त्यातील विषारी शेवाळ कुत्र्याचा काही तासांत प्राण घेऊ शकते. अशा पाण्यात पोहून आलेला कुत्रा पुढे अंग चाटतो, हेही लक्षात ठेवावे.

(दृश्य : गवताळ उतार. कुत्र्याच्या केसांत अडकलेली काटेरी बोंडे.)

१९४१ साली स्वित्झर्लंडमधील अभियंता जॉर्ज द मेस्त्राल आपल्या कुत्र्यासह आल्प्समधून भटकून आला, तेव्हा त्याच्या कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना अशीच बोंडे चिकटली होती. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली, त्यांच्या टोकांवरील बारीक आकडे त्याला दिसले, आणि त्यातून पुढे वेल्क्रो जन्माला आले. गवताच्या कुसळांची गोष्ट मात्र इतकी सुखाची नाही. कुसळावरील काटे एकाच दिशेने वळलेले असल्यामुळे ते पुढे सरकते, पण मागे येत नाही, आणि बोटांच्या बेचक्यात, कानात किंवा नाकात शिरलेले कुसळ मांसात खोलवर जाऊन गळू निर्माण करते.

(दृश्य : वाटेपासून थोड्या अंतरावर, पाचोळ्यात बसलेला पक्षी.)

कुत्र्याप्रमाणेच रानही तक्रार करत नाही. जमिनीवर अंडी उबवणाऱ्या पक्ष्याच्या दृष्टीने आपला लाडका कुत्रा हा एक शिकारी प्राणी असतो. तो कितीही प्रेमळ असला तरी पक्ष्याला ते कळण्याचा काही मार्ग नाही. ऑस्ट्रेलियात सिडनीजवळच्या वनांत झालेल्या आणि २००७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, दोरीने बांधलेला कुत्रा वाटेवरून नेल्यावर तेथील पक्ष्यांच्या प्रजातींची विविधता ३५ टक्क्यांनी आणि त्यांची संख्या ४१ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. कुत्रा बांधलेला असतानाची ही स्थिती आहे, तर मोकळा सुटलेला कुत्रा काय करत असेल याची कल्पना करावी. नॉर्वेमध्ये १ एप्रिल ते २० ऑगस्ट या विणीच्या काळात कुत्रे बांधून ठेवण्याची कायद्याने सक्ती आहे, आणि अनेक देशांतील राष्ट्रीय उद्यानांत कुत्र्यांना वाटांवर प्रवेशच नसतो. हे नियम आम्हाला जाचक वाटत नाहीत.

कुत्र्याची विष्ठा खतासारखीच असते, ती पडू द्यावी, असे अनेकांना वाटते. ती खतासारखी असते हे खरे, आणि अडचण तीच आहे. बेल्जियममधील गेंट शहरालगतच्या राखीव क्षेत्रांत कुत्र्यांच्या मलमूत्रातून दर हेक्टरी वर्षाला सुमारे ११ किलो नत्र आणि ५ किलो स्फुरद जमिनीत जात असल्याचे संशोधकांनी २०२२ साली नोंदवले. कसदार झालेल्या अशा जमिनीत माजणाऱ्या वनस्पती इतरांना दाबून टाकतात, आणि हलक्या जमिनीवर तगणारी नाजूक फुलझाडे तेथून नाहीशी होतात.

रोगांचे प्रकरण याहून गंभीर आहे. १९९४ साली टांझानियातील सेरेंगेटीमध्ये डिस्टेंपर या विषाणूजन्य रोगाने सुमारे एक-तृतीयांश सिंह मेले, आणि या साथीचा संबंध आसपासच्या वस्त्यांतील कुत्र्यांशी जोडला गेला. लसीकरण पूर्ण न झालेल्या कुत्र्याला रानात नेऊ नये, ते केवळ त्याच्या काळजीपोटी नव्हे.

हाच रोग एका फार जुन्या कुत्र्याच्या दातांवरही आपली खूण सोडून गेला आहे. १९१४ साली जर्मनीत बॉनजवळच्या ओबरकासेल येथे, दगडाच्या खाणीत, एका पुरुषाच्या आणि एका स्त्रीच्या सांगाड्यांसोबत सुमारे सात महिन्यांच्या कुत्र्याचे अवशेष सापडले. ते सुमारे १४,००० वर्षांपूर्वीचे आहेत. ते पिल्लू डिस्टेंपरने अनेक आठवडे आजारी होते आणि कोणीतरी शुश्रूषा केल्याशिवाय इतके दिवस जगले नसते, असे संशोधक सांगतात. शिकारीला किंवा राखणीला त्या काळात त्याचा काहीही उपयोग नव्हता, तरीही कोणीतरी त्याला पाणी पाजत राहिले.

(दृश्य : कुरणाची कड. चरणाऱ्या गाई आणि त्यांची वासरे.)

गावाजवळच्या कुरणातून जाताना वासरे असलेल्या गाईंपासून लांबचा वळसा घ्यावा, कारण त्या कुत्र्याला पाहून अंगावर धावून येतात. तसा प्रसंग आलाच, तर दोरी हातातून सोडून द्यावी; कुत्रा पळून आपला जीव वाचवतो, आणि गाईंचा रोख माणसावरून हटतो.

(दृश्य : संध्याकाळ. मुक्कामाची जागा. माणसाची बोटे कुत्र्याच्या केसांतून फिरत आहेत.)

दिवसाचे शेवटचे काम बोटांचे आहे. कानांच्या मागे, मानेभोवती, काखेत, शेपटीच्या मुळाशी आणि बोटांच्या मध्ये गोचीड शोधावी लागते. सापडली तर तिला तेल किंवा चटका न देता, बारीक चिमट्याने कातडीलगत धरून सरळ वर ओढावे आणि ती तारीख लिहून ठेवावी, कारण गोचीडतापाची लक्षणे दिसण्यास अनेक दिवस लागू शकतात.

आज गोचीड एकही सापडली नाही. उजव्या पुढच्या पंजात, दोन बोटांच्या बेचक्यात मात्र एक कुसळ रुतलेले आहे आणि भोवतालची कातडी लाल झाली आहे. ते बहुधा दुपारच्या गवताळ उतारावरच लागले असावे. त्यानंतरची सगळी वाट हा कुत्रा शेपूट हलवत चालला आहे.